सी-स्पॅन: कात्री न लागलेली पत्रकार परिषद (एका रिटायर्ड पीआरओचा रिव्ह्यू)

मुलाकडे न्यू जर्सीला, एडिसनला, सहा महिन्यांसाठी आलेय. सून आणि मुलगा सकाळीच आपापल्या लॅपटॉपला चिकटतात, नातू शाळेत जातो, मग घरात मी, डिशवॉशर आणि टीव्ही असे तिघंच उरतो. सिरियली बघून डोकं उठलं तेव्हा चॅनल बदलता बदलता एक दिवस सी-स्पॅन सापडलं आणि तेव्हापासून मी दुसरं जवळपास काही बघितलेलं नाहीये. सून म्हणते, आई, हे तर इथले लोकसुद्धा बघत नाहीत. तिला म्हटलं, अगं २६ वर्षं एका महापालिकेच्या जनसंपर्क विभागात काढलीयेत, मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतंय.

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते येईल पुढे ओघात.

आधी हे काय आहे ते सांगते, कारण मलाही वाटलं होतं की हे अमेरिकेचं दूरदर्शन असणार. तसं नाहीये. ब्रायन लँब नावाच्या माणसाने १९७९ च्या मार्चमध्ये केबल कंपन्यांच्या पैशावर सुरू केलं, सरकारचा एक पैसा नाही. केबलच्या बिलातून ग्राहकामागे महिन्याला काही सेंट यांना मिळतात आणि त्यात यांचा संसार चालतो. दाखवतात काय, तर काँग्रेसचं कामकाज (इथली संसद हो, पक्ष नव्हे), समित्यांच्या सुनावण्या, भाषणं, आणि मला जिची चटक लागली ती व्हाइट हाऊसची प्रेस ब्रीफिंग, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा प्रवक्ता (इथे त्याला प्रेस सेक्रेटरी म्हणतात) पत्रकारांना उत्तरं देतो ती. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळी. मधेच अँकर उगवून "तर आपण बघितलंत" म्हणत नाही, चौकटीत सहा डोकी एकमेकांवर ओरडत नाहीत. ब्रीफिंगला उशीर असेल तर रिकामा पोडियम दाखवत बसतात. मी एकदा रिकामा पोडियम बघत बघत अख्खी मेथीची जुडी निवडली आहे.

त्या खोलीची पण गंमत आहे. टीव्हीवर केवढी वाटते, पण खुर्च्या मोजून ४९, सात रांगा आणि रांगेत सात, आमचा स्थायी समितीचा हॉल यापेक्षा ऐसपैस होता. फ्रँकलिन रूझवेल्टना पोलिओ होता म्हणून १९३३ मध्ये तिथे पोहायचा तलाव बांधला होता, निक्सनने १९७० मध्ये त्याच्यावर फरशी टाकून पत्रकारांना बसवलं, तलाव अजून खाली तसाच आहे. खोलीला नाव जेम्स ब्रेडींचं. हे रेगनचे प्रेस सेक्रेटरी, ३० मार्च १९८१ ला रेगनवर गोळीबार झाला तेव्हा यांच्या डोक्यात गोळी लागली, जगले, पण परत त्या पोडियमवर रोज उभं राहण्यासारखे झाले नाहीत. तरी १९८९ ला रेगन जाईपर्यंत पद ब्रेडींच्याच नावावर ठेवलं. त्यामुळे लॅरी स्पीक्स नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं ब्रीफिंग देत राहिले ते कागदोपत्री उपच. म्हणजे आपल्या भाषेत अतिरिक्त कार्यभार! हे कळलं तेव्हा मी एकटीच सोफ्यावर हसत सुटले, आमच्याकडे अर्धी खाती अतिरिक्त कार्यभारावरच चालायची.

आता मुद्द्याचं. मीडिया बायस्ड आहे असं हल्ली जो तो म्हणतो. गॅलपचा सर्व्हे आहे इथला, १९७६ मध्ये ७२ टक्के लोक म्हणायचे की पेपर आणि टीव्हीवर आमचा बऱ्यापैकी विश्वास आहे, २०२५ मध्ये तो आकडा २८ वर आलाय. पण बायस म्हणजे नक्की काय हे विचारलं की लोक म्हणतात खोटं दाखवतात. माझा अनुभव वेगळा आहे. खोटं फार कमी वेळा दाखवतात, म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीत धडधडीत खोटी बातमी दहा-बाराच वेळा आली असेल, बाकी सगळं खरंच होतं आणि तरीही बायस होता.

इथे मी एक उद्योग केला. नातवाची रिकामी वही घेतली आणि ऑफिसात कात्रणांचं रजिस्टर ठेवायचो तशी रेघ मारली, डावीकडे ब्रीफिंगमध्ये काय काय प्रश्न आले ते, उजवीकडे संध्याकाळी कुठल्या चॅनलने त्यातलं काय घेतलं. चॅनलची नावं नाही लिहीत, इथे ज्याला त्याला माहितीये कोण कुणाचं. तासाभराची ब्रीफिंग होती, महागाई, सीमा, कुठलंतरी विधेयक, परदेश दौरा, सगळं झालं. एका चॅनलवर त्यातली जेमतेम वीस सेकंदं, प्रेस सेक्रेटरी बाई एका पत्रकाराला झापतात ती. दुसऱ्यावरही वीस सेकंदं, बाई उत्तर टाळून पुढचा हात दाखवतात ती. दोन्ही खरं. दोन्ही बाईट एकाच ब्रीफिंगमधले, मधे सात-आठ मिनिटांचं अंतर. फक्त पहिलं बघणाऱ्याला वाटणार बाई वाघीण आहे आणि दुसरं बघणाऱ्याला वाटणार पळपुटी आहे, आणि वहीच्या डाव्या बाजूला जे नीट मुद्द्याचं उत्तर तिने दिलेलं ते उजवीकडे कुठेच नाही, कारण नीट उत्तराला काय बघायचंय कोणी.

हे मला नवीन नव्हतं म्हणा. आमच्याकडे एकदा रस्तारुंदीकरणावर आयुक्तांची पत्रकार परिषद झाली, पाऊण तास, नकाशे लावले, झाडं किती जाणार, किती दुसरीकडे लावणार, दुकानदारांना मोबदला कसा, सगळं सांगितलं, वर वडा-सांबार दिलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात "विकासाच्या नावाखाली झाडांची कत्तल" आणि दुसऱ्यात "अखेर कोंडी फुटणार". आयुक्तांनी मला बोलावून पहिला पेपर समोर आपटला, मॅडम, खुलासा पाठवा. मी म्हटलं, सर, खुलासा कशाचा पाठवू, यात चुकीचं वाक्य कुठलंय ते दाखवा. चुकीचं वाक्य एकही नव्हतं. ज्याने कत्तल लिहिली त्याच्या पेपराचं वाचक त्या झाडांच्या सावलीत फिरायला जाणारं होतं आणि ज्याने कोंडी लिहिली त्याचं वाचक त्याच रस्त्यावर रोज अर्धा तास अडकायचं. आणि जाहिरातींचं तर बोलूच नका, निविदांच्या जाहिराती कुठल्या पेपराला किती गेल्या यावर पुढच्या आठवड्यातल्या खड्ड्यांच्या फोटोंची संख्या ठरायची. सगळ्यांचं नाही म्हणत, पण ज्यांचं ठरायचं त्यांचं अगदी गणितासारखं ठरायचं.

तर सी-स्पॅनचा खरा उपयोग हा. बायस जातो असं नाही, पण कापायच्या आधीचं कापड दिसतं, मग कोणी कुठे कात्री मारली ते आपलं आपल्याला कळतं.

आणि जुनं सगळं ठेवलेलंय यांनी. १९८७ पासूनचं रेकॉर्डिंग वेबसाईटवर आहे, फुकट, तारीख टाकून शोधता येतं. व्हाइट हाऊसच्या स्वतःच्या साईटवरही ब्रीफिंग असतात पण राष्ट्राध्यक्ष बदलला की साईटची पाटी पुसून नवी होते आणि जुनं सगळं राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातं, हे मात्र जागच्या जागी. माझ्यासारखीला म्हणजे खजिना.

त्या खजिन्यातली एकच गोष्ट बघायला सांगितली तर मी ११ जुलै २००५ ची ब्रीफिंग सांगेन. पोडियमवर स्कॉट मॅकक्लेलन, धाकट्या बुशचे प्रेस सेक्रेटरी, गोरागोमटा गोल चेहरा. मागची गोष्ट अशी, २००३ मध्ये व्हॅलरी प्लेम या सीआयएच्या, म्हणजे गुप्तहेर खात्याच्या, छुप्या अधिकारी बाईंचं नाव पेपरातल्या एका स्तंभात फुटलं, ते कोणी फोडलं यावर गदारोळ, तेव्हा मॅकक्लेलननी याच पोडियमवरून सांगितलेलं की बुशचे सल्लागार कार्ल रोव्ह आणि उपराष्ट्राध्यक्षांचे मुख्य अधिकारी स्कूटर लिबी यांचा यात हात नाही, मी स्वतः बोललोय त्यांच्याशी. दोन वर्षांनी कळलं की रोव्ह त्या बाईंबद्दल पत्रकाराशी बोलले होते. आणि मग तो दिवस. बघा तुम्ही, पत्रकार एकामागून एक उठतात, तुम्ही तेव्हा बोललात मग आता का नाही, आणि हा माणूस प्रत्येक वेळी एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणतो, तपास चालू आहे त्यामुळे बोलणार नाही. मान खाली घालून कागद बघतो, पाणी नाही पीत, आवाज चढवत नाही. समोरचे तुटून पडलेत आणि मागे कोणी नाही. माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला, कारण त्या चेहऱ्यावर जे होतं ते मला माहितीये, त्याला त्याच क्षणी कळत होतं की आपल्याला आपल्याच माणसांनी तोंडघशी पाडलंय आणि तरी त्यांचीच बाजू घेऊन उभं राहायचंय. २००८ मध्ये त्याने पुस्तकात लिहिलं की मी नकळत खोटी माहिती पुढे दिली होती. लिबींना २००७ मध्ये खोटी साक्ष आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं, रोव्हवर आरोपपत्र झालंच नाही.

लोकांना वाटतं प्रवक्त्याची लढाई पत्रकारांशी असते. अहो नाही. पत्रकारांशी रोजचं तू-तू मैं-मैं असतं, त्याची सवय होते, त्यातले निम्मे संध्याकाळी चहाला भेटतात. लढाई असते ती आतल्या बंद दाराशी, ज्याच्या पलीकडे निर्णय होतात आणि आपल्याला बाहेर उभं करून सांगतात, जा, सांग.

स्पीक्सचंच घ्या. २४ ऑक्टोबर १९८३, सीबीएस चॅनलच्या बिल प्लांटने विचारलं की ग्रेनाडावर (कॅरिबियनमधला एक छोटा बेटदेश) सैन्य उतरवताय का. स्पीक्सने आत राष्ट्रीय सुरक्षेच्या माणसाला, पॉइन्डेक्स्टरना, विचारून घेतलं, उत्तर आलं काहीतरीच काय, साफ खोडून काढा, याने तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे अमेरिकन सैन्य ग्रेनाडात उतरलं. त्याच्या हाताखालच्या लेस जँका नावाच्या उपप्रवक्त्याने यावरून राजीनामा दिला, स्पीक्स राहिला. हे सी-स्पॅनच्या साईटवर सापडणार नाही, त्यांचा साठा १९८७ पासूनचा, पण आठवलं कारण माझं ग्रेनाडा पाणीपुरवठ्यात झालेलं.

एप्रिल महिना होता, धरणाची पातळी खाली, कपातीची कुजबुज चालू. संध्याकाळी साहेबांच्या पीएचा फोन, मॅडम, कपातीची अफवा पसरतेय, ताबडतोब खंडन द्या. मी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला फोन केला, तो म्हणाला वरून सांगितलंय तसं द्या ना. त्याच्या आवाजावरून मला कळायला हवं होतं. नाही कळलं, किंवा कळून घेतलं नाही. प्रेसनोट टाईप केली, "पाणीकपातीचा कोणताही प्रस्ताव प्रशासनासमोर नाही, नागरिकांनी अशा वृत्तांवर विश्वास ठेवू नये", सगळ्या पेपरांना पाठवली आणि घरी जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आदेश निघाला, एक दिवसाआड पाणी. दुपारी एक बातमीदार आला, मी त्याला तो वीस-बावीसचा होता तेव्हापासून ओळखायचे. त्याच्याकडे आदल्या दिवशीच पक्की बातमी होती आणि माझी नोट बघून त्याने ती काढून टाकलेली, दुसऱ्या पेपराने छापली, संपादकाने याला झाडलं. तो ओरडला वगैरे नाही. पेपर माझ्या टेबलावर ठेवला, माझ्या वाक्याभोवती लाल पेनाने गोल, आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या शब्दावर बातमी मारली. चहाही घेतला नाही. त्यानंतर दोनेक वर्षं माझी प्रत्येक प्रेसनोट मिळाली की तो आधी अभियंत्याला फोन लावायचा, मला माहीत होतं, काय बोलणार. घरी आले तर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच उभे, काय हो, तुम्हीच तर म्हणालात पेपरात!

आता साहेबांचं पण एक कारण होतं, ते नंतर कळलं. आदल्या रात्री बातमी फुटली असती तर अख्ख्या शहराने टाक्या, पिंपं, बादल्या भरून ठेवल्या असत्या आणि सकाळी उंच भागात थेंब चढला नसता. ग्रेनाडातही सैनिकांच्या जिवाचा प्रश्न होता. कार्टरचे प्रवक्ते जोडी पॉवेल तर १९८० मध्ये इराणातल्या ओलिसांच्या सुटकेच्या मोहिमेआधी एका पत्रकाराशी जाणूनबुजून खोटं बोलले आणि नंतर तसं उघड लिहिलं आणि समर्थनही केलं. मला विचाराल तर "आत्ता बोलता येत नाही" एवढंच म्हणायला हवं होतं. पण त्यातली खरी गोम अशी की "बोलता येत नाही" हे तुम्ही काही नसतानाही अधूनमधून म्हणत आला असाल तरच त्या दिवशी खपतं, नाहीतर ज्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल त्या दिवशी समोरचा उठून थेट धरणावर जातो. हे मला नोकरी संपत आली तेव्हा समजलं. इथल्या बायाबाप्यांना बघते तर ते पहिल्या दिवसापासून हे वाक्य पेरत असतात, रोज थोडं थोडं, म्हणजे पीक येईल तेव्हा कोणाला कळू नये.

राजीनामा देणारे फार थोडे. जेरल्ड टरहॉर्स्ट, फोर्डचे पहिले प्रेस सेक्रेटरी, मूळचे डेट्रॉइट न्यूजचे पत्रकार. वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेल्या निक्सनला माफी देण्याचं काही चाललेलं नाही असं यांनी आतून विचारूनच पत्रकारांना सांगितलेलं, आणि ८ सप्टेंबर १९७४ च्या रविवारी फोर्डनी माफी जाहीर केली. यांनी राजीनामा दिला, नोकरी जेमतेम एक महिना झालेली. वाचायला फार बरं वाटतं. मला तेव्हा फ्लॅटचे हप्ते होते आणि मुलाची बारावी, त्यामुळे मी जास्त काही बोलत नाही.

आता कॅमेऱ्याविषयी, कारण अर्धा मार्क तिथेच गेलाय. ही ब्रीफिंग पूर्ण लाइव्ह दाखवायला मुभा दिली ती माईक मॅककरी यांनी, १९९५ मध्ये, क्लिंटनच्या वेळी. नंतर लेविन्स्की प्रकरण (क्लिंटनचे व्हाइट हाऊसमधल्या एका इंटर्नशी संबंध) आलं आणि मॅककरी स्वतःच म्हणू लागले की ही चूक झाली. का ते तीन महिने बघून कळतं. कॅमेरा आला की पत्रकाराला प्रश्नाचं उत्तर नको असतं, प्रश्न विचारताना स्वतःची क्लिप हवी असते, आणि पोडियमवरच्याला खोलीतल्या ४९ जणांशी नाही, आत टीव्ही बघत बसलेल्या एका माणसाशी बोलायचं असतं. २१ जानेवारी २०१७ ला ट्रम्पचे प्रेस सेक्रेटरी शॉन स्पायसर आले, पहिलाच दिवस, ट्रम्पच्या शपथविधीला इतिहासातली सगळ्यात मोठी गर्दी होती असं तावातावाने सांगितलं आणि एकही प्रश्न न घेता गेले. फोटो सगळ्यांनी बघितलेले होते हो. ते बोलणं खोलीसाठी नव्हतंच. आमच्याकडेही सभागृहनेत्याच्या वाढदिवसाची प्रेसनोट मी वाचकांसाठी थोडीच लिहायचे.

पण दुसरा पर्याय काय, तर ब्रीफिंगच नाही. ते पण झालंय इथे, ११ मार्च २०१९ नंतर थेट १ मे २०२०, मधे ४१७ दिवस प्रेस सेक्रेटरीची ब्रीफिंगच नाही, स्टेफनी ग्रिशम बाईंनी तर पदावर असताना एकही रीतसर ब्रीफिंग घेतली नाही. त्यापेक्षा क्लिपवाली नौटंकी परवडली, निदान दिसते तरी.

अर्धा मार्क यासाठी की कॅमेरा बहुतेक वेळ पोडियमकडे. पत्रकारांच्या पाठी दिसतात, आवाज येतो, चेहरे नाहीत, कोण कुठल्या पेपराचा हे खाली लिहिलेलं नाही. आणि यांचं व्रतच आहे की आम्ही मधे बोलणार नाही, त्यामुळे प्रवक्ता पोडियमवरून जे ठोकून देतो ते खरं की खोटं हे सांगायला कोणी नाही, ज्याने त्याने आपलं बघायचं. मला ते आवडतं पण ज्याला मागचं काही माहिती नाही तो बिचारा काय समजणार. न कापलेलं म्हणजे निष्पक्ष असं समजून बसलात तर फसाल, कॅमेरा कुठे ठेवलाय हे पण कोणीतरी ठरवलेलंच असतं. याच्यावरून १९८४ मध्ये मोठा तमाशा झालेला. प्रतिनिधीगृहातले कॅमेरे सी-स्पॅनचे नसतात, सभागृहाचेच असतात, हे फक्त ते दाखवतात. न्यूट गिंगरिच आणि त्यांची रिपब्लिकन मंडळी रात्री कामकाज संपल्यावर डेमोक्रॅटांना आव्हान देत भाषणं ठोकायची आणि घरी बघणाऱ्याला वाटायचं की डेमोक्रॅटांची बोलती बंद झालीय. डेमोक्रॅट सभापती टिप ओनील वैतागले आणि मे महिन्यात त्यांनी कॅमेरा जरा फिरवायला सांगितला, तर सगळं सभागृह रिकामं! आव्हान खुर्च्यांना चाललेलं. २०२३ च्या जानेवारीत सभापतीची निवड अडकली तेव्हा सी-स्पॅनला स्वतःचे कॅमेरे फिरवायला मिळाले, तर कोपऱ्यात कोण कोणाशी कुजबुजतंय, कोण बोट नाचवतंय हे सगळं दिसलं, चार-पाच दिवस लोक सिरियल बघावी तसे बघत होते. आपल्या संसद टीव्हीचे कॅमेरेही सभागृहाच्याच ताब्यात असतात, त्यामुळे हे वाचून कोणाला नवल वाटू नये.

दुसरा कार्यक्रम सकाळचा, वॉशिंग्टन जर्नल. यात लोक फोन करतात आणि फोनच्या लाइनी पक्षावार वेगळ्या, डेमोक्रॅटांची वेगळी, रिपब्लिकनांची वेगळी, कुणाचेच नसलेल्यांची वेगळी. मला हे आधी विनोदी वाटलं, मग पटलं. बायस लपवायचा कशाला, नंबर फिरवतानाच सांगा ना कुणाचे ते. आमच्या लोकशाही दिनाला असं केलं असतं तर निम्म्या तक्रारी अर्ज न वाचताच कळल्या असत्या. याच कार्यक्रमात २०१४ च्या डिसेंबरात वुडहाऊस नावाचे दोन सख्खे भाऊ आलेले, एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन, पडद्यावर कचाकचा भांडत होते, आणि पुढचा फोन आला तो त्यांच्या आईचा, नॉर्थ कॅरोलिनाहून. दोघांचे चेहरे बघण्यासारखे झालेत. तिने सांगितलं, नाताळला घरी याल तेव्हा हे बंद पाहिजे. ती क्लिप मी सुनेला दाखवली, ती पण हसली, पहिल्यांदाच सी-स्पॅन बघितलं तिने.

अजून एक सांगायचं राहिलं, प्रवक्ते नंतर जातात कुठे. डॅना पेरिनो फॉक्सवर, मॅकएनानी फॉक्सवर, जेन साकी एमएसएनबीसीवर (आता त्याचं नाव एमएस नाऊ), टोनी स्नो तर फॉक्सवरून पोडियमवर आलेले. म्हणजे काल जो उत्तर टाळत होता तोच आज उत्तर टाळणाऱ्यावर चर्चा करतो. मग ४९ खुर्च्या आणि पोडियम यांच्या मधे तीन फुटाचं अंतर आहे तेवढंच म्हणायचं.

सध्या ज्या आहेत त्या कॅरोलाइन लेव्हिट, २७ व्या वर्षी आल्या, या पदावरच्या आत्तापर्यंतच्या सगळ्यात लहान. बोलतात जबरदस्त, कागद न बघता, पण चढ्या आवाजात. एक खुर्ची पॉडकास्ट वगैरेवाल्यांना दिली, ती कल्पना मला वाईट नाही वाटली. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये एपी या वृत्तसंस्थेने मेक्सिकोच्या आखाताला 'अमेरिकेचं आखात' या नव्या नावाने हाक मारायला नकार दिला म्हणून व्हाइट हाऊसने त्यांच्या माणसांना राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमांना मज्जाव केला आणि पूलमध्ये (सगळ्यांच्या वतीने राष्ट्राध्यक्षांसोबत असणारे मोजके पत्रकार) कोण येणार हे पत्रकारांच्या संघटनेऐवजी आपणच ठरवू असं सांगितलं, ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही. मी पण केलंय हे, खोटं कशाला बोलू. एका बातमीदाराला दौऱ्याच्या गाडीत घ्यायचं नाही असं वरून सांगितलं तेव्हा मी गाडी भरली असं त्याला सांगितलं होतं. तो स्कूटरवर मागून आला आणि त्याचीच बातमी सगळ्यात चांगली झाली.

ह्यांच्यात एक जुनी पद्धत होती ती मला फार आवडते, जाणारा प्रेस सेक्रेटरी येणाऱ्यासाठी एका बुलेटप्रूफ जॅकेटच्या खिशात चिठ्ठी ठेवून जायचा. मला चार्ज घेताना मिळालं होतं ते कुलूप बिघडलेलं कपाट आणि सहा महिन्यांची न चिकटवलेली कात्रणं.

भारतातून बघायचं असेल तर जुन्या ब्रीफिंग साईटवर केव्हाही बघा. टीव्ही चॅनल लाइव्ह बघायला केबलचं लॉगिन मागतात पण ब्रीफिंगची क्लिप आणि जुना साठा तसाच उघडतो. लाइव्ह बघायची हौस असेल तर इथली दुपारची एकची ब्रीफिंग उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्री साडेदहाला असते, हिवाळ्यात साडेअकराला, आणि वेळेवर सुरू होईल अशी आशा ठेवू नका, भाजी घेऊन बसा. ज्यांना पत्रकारितेचा कोर्स करायचाय किंवा कुठल्या जिल्हा माहिती कार्यालयात, महापालिकेत, झेडपीत लागायचंय त्यांनी तर बघाच, मॅकक्लेलनपासून सुरुवात करा. ज्यांना फक्त चुरचुरीत काहीतरी हवंय त्यांनी वाटेला जाऊ नका, दहा मिनिटांत झोप लागेल.

मी पुढच्या महिन्यात परत येतेय. त्याआधी १९९८ चं वर्ष संपवायचंय, मॅककरी अजून राष्ट्राध्यक्षांना आपण ते लेविन्स्कीचं विचारलेलंच नाही यावरच अडून बसलेत.